दोन अंगठ्यांचा हातमोजा

आधी ठिकाण समजून घ्या. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र एका जागी खोल आत शिरला आहे. त्या खाडीला स्कागाफ्योर्दुर म्हणतात. खाडीत द्रांगेय नावाचं उभ्या कड्यांचं बेट आहे, दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, आणि डोंगरांच्या पायथ्याशी एकमेकांपासून लांब पडलेली शेतघरं. साल १८४५, डिसेंबरचा तिसरा आठवडा. ध्रुववृत्त इथून जवळ आहे. आज सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजाला टेकून चालला आणि दुपारी दीडच्या सुमाराला गेला. सगळा देश मिळून माणसं साठ हजारांच्या आत. मेंढ्या त्याहून कितीतरी जास्त.

तुम्ही नऊ वर्षांचे आहात, मुलगा आहात. इथून पुढे तुम्हाला 'तू' म्हणावं लागेल, कारण नऊ वर्षांच्या पोराला या घरात कोणी अहो-जाहो करत नाही.

तू जागा आहेस, पण डोळे उघडे असले काय आणि मिटलेले असले काय, फरक पडत नाही. खोलीत दिवा नाही. दुपारची गुरं-मेंढरं उरकून, बर्फ झटकून मोठी माणसं आत आली आणि आपापल्या पलंगावर आडवी झाली. दिवेलागण अजून व्हायची आहे. माशाच्या यकृताचं तेल महाग असतं. संधिप्रकाशात ते जाळण्यापेक्षा तेवढा वेळ झोपून घ्यायचं, म्हणजे रात्री उशिरापर्यंत काम करता येतं. मुलांना मात्र या वेळी झोप येत नाही. म्हणून तुम्ही सगळी आजीच्या पलंगावर गोळा झाला आहात. आजी झोपत नाही. "पाय आत घे, गार आहेत," म्हणते आणि गोष्ट सुरू करते.

गोष्ट मांजराची आहे. साधंसुधं मांजर नव्हे. नाताळच्या रात्री हे अवाढव्य मांजर घराघरांवरून फिरतं आणि ज्याच्या अंगावर एकही नवा कपडा नसेल, त्याला धरतं. "नवा पायमोजा चालतो का?" तू विचारतोस. "चालतो. पण तो नाताळच्या आधी सुयांवरून उतरलेला पाहिजे." आजीच्या आवाजात भीती घालण्याचा आव नाही. घरात लोकर किती उरली आहे आणि किती दिवस उरले आहेत, हे तिला पक्कं माहीत आहे. पुढे १८६०च्या दशकात योन आर्नासॉन नावाचे ग्रंथपाल देशभरच्या लोककथांचा मोठा संग्रह छापतील, तेव्हा हे मांजर कागदावर येईल. आज ते फक्त अंधारात आहे, आणि आजीच्या तोंडात.

खालून गाय उसासा टाकते. या घरात खोलीच्या खालीच गोठा आहे. फळ्यांच्या फटींतून वर येणारी जनावरांची ऊब हीच तुमची शेगडी. या खोलीला बाद्स्तोवा म्हणतात. दोन लांब भिंतींना लागून ओळीने पलंग आहेत, त्यांच्यावर उतरतं छप्पर, आणि एका पलंगावर दोन माणसं. भिंती गवतासकट कापलेल्या मातीच्या जाड ढेपांच्या, छपरावरही तेच गवत. देशात घरबांधणीजोगं लाकूड जवळजवळ नाही, म्हणून ही माती. चूल वेगळ्या खोलीत असते आणि तिच्यात मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांचं जळण जातं. इथे, बाद्स्तोवेत, विस्तव नसतो. खाणं, झोपणं, काम, बाळंतपण, मरण, सगळं पलंगावर. डोक्यावरच्या फळीवर प्रत्येकाचं झाकणाचं लाकडी भांडं ठेवलेलं असतं. तुझंही आहे. खिडकीला काच नाही. गाईच्या वारेची पातळ पारदर्शक त्वचा चौकटीवर ताणून बसवली आहे. दिवसा तिच्यातून दुधाळ उजेड येतो, आत्ता काहीच येत नाही.

मग आई उठते. चुलीच्या खोलीतून पेटती काडी येते आणि खांबाला टांगलेला लोखंडी दिवा लागतो. त्यातली वात कापूसगवताची आहे. उन्हाळ्यात दलदलीतून त्याचे पांढरे तुरे तूच गोळा केले होतेस. ज्योत बोटाच्या पेराएवढी आणि धूर भरपूर. तेल, मेंढीची चरबी, ओली लोकर आणि लोकर धुवायला साठवलेलं जुनं मूत्र, या सगळ्यांचा मिळून एक वास खोलीत असतो. पाहुण्याला तो असह्य होईल. तुला तो येतच नाही, कारण तू त्यातच वाढला आहेस.

दिवा लागला की कोणी रिकामं बसत नाही. हीच क्वोल्दवाका, रात्रीची जाग. हिवाळाभर रोज.

काम कसं वाटलं जातं ते बघ. आइसलंडच्या मेंढीच्या अंगावर दोन प्रकारची लोकर असते. वरची लांब, राठ, पाणी झटकून टाकणारी, ती तोग. आतली आखूड, मऊ, उबदार, ती थेल. मोलकरीण हातांनी दोन्ही वेगळ्या करते. तोगचे दोर होतात, शिवायचा दोरा होतो. थेल अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी. रोजच्या जाडजूड मालाला दोन्ही मिसळूनही चालतात. गडीमाणूस दातेरी फळ्यांवर लोकर पिंजतो. आई चरख्यावर बसते. चरखा या देशात अठराव्या शतकात आला, आजी अजून टकळीवर कातते आणि तिचं सूत आईच्या सुतापेक्षा एकसारखं असतं, हे आईसुद्धा मान्य करते. वडील मोजा विणतात. यात नवल काही नाही. इथे पुरुष विणतात, बायका विणतात, गडी विणतात, पोरं विणतात. वाटेने चालतानाही लोकांच्या हातात सुया असतात.

तुझ्या हातात पाच सुया आहेत. चारांवर टाके, पाचवीने विणायचं. तू सहा वर्षांचा असताना आजीने तुला शिकवलं. पहिली वस्तू बुटांच्या आत घालायचा सपाट तळवा, सगळे टाके सुलटे. इथले बूट मेंढीच्या कातड्याचे, गरिबाघरी माशाच्या कातड्याचे. माशाच्या कातड्याचे इतक्या लवकर झिजतात की पश्चिमेकडे डोंगरवाटेची लांबी किती जोड फाटतील यावरून सांगतात. आत विणलेला तळवा नसेल तर पाय गोठेल. म्हणजे तुझं पहिलं, वेडंवाकडं, टाके गळलेलं विणकामही कोणाच्या तरी पायाखाली गेलं. त्या वर्षी ते वडिलांच्या बुटात होतं. ते त्यावर काही बोलले नाहीत, पण वसंतापर्यंत तेच वापरलं.

माझ्या मते या सगळ्या प्रवासात लक्ष देऊन बघण्यासारखी गोष्ट हीच आहे. आज आपण मुलाला हस्तकला देतो ती त्याला गुंतवून ठेवायला, आणि झालेली वस्तू कपाटावर ठेवतो. या घरात मुलाने केलेली वस्तू न वापरणं परवडतच नव्हतं.

आज तू हातमोजा विणतो आहेस. चार बोटांची एक पिशवी, अंगठा वेगळा. पण हा मोजा मोठ्या माणसाच्या हाताच्या दीडपट आहे, आणि त्याला दोन अंगठे आहेत. एक या बाजूला, एक त्या बाजूला. गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, असा हात कोणाचा असतो? तेव्हा गड्याने त्याचा जुना मोजा काढून तुझ्या हातात दिला. तळव्याकडची बाजू वल्ह्याने आणि गळाच्या दोरीने झिजून जाळी झाली होती. त्याने तो मोजा हातावर फिरवून उलटा घातला. झिजलेली बाजू मागे गेली, धडकी पुढे आली आणि दुसरा अंगठा बरोबर जागेवर बसला. समुद्रावर, उघड्या होडीत, मोजा बदलायला वेळ नसतो. आणि आकार मोठा अशासाठी की विणून झाल्यावर तो ओला करून फळीवर घासतात, पायांखाली तुडवतात. लोकर आटते, घट्ट होते, टाके दिसेनासे होतात आणि वारा आत शिरत नाही. पुढे खारं पाणी तो आणखी आटवतं.

हा गडी जानेवारीच्या शेवटी दक्षिणेला निघेल. बर्फातून, माळरानं ओलांडून, पाठीवर बोचकं घेऊन, कित्येक दिवस पायी. दोन फेब्रुवारीला दक्षिण किनाऱ्यावर मासेमारीचा हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. सोबत लोणी, सुकं मांस, कातडी कपडे आणि अशा मोज्यांचे बरेच जोड लागतात. त्यातला एक जोड तुझा असेल. हे तुला ठाऊक आहे, म्हणून अंगठ्याच्या बुडाशी टाका ढिला पडला तेव्हा तू कोणी न सांगता दोन फेऱ्या उसवल्यास.

बाकीचा माल व्यापाऱ्याकडे जातो. खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर होफ्सोसला डेन्मार्कहून येणाऱ्या मालाचं लाकडी गोदाम १७७७पासून उभं आहे. मोजे द्यायचे आणि राईचं पीठ, लोखंड, गळाची दोरी, थोडी कॉफी, थोडी साखर, कपडा निळा करायला नीळ घ्यायची. विणकाम या देशात सोळाव्या शतकात आलं आणि शंभर वर्षांच्या आत ते परदेशी जाणारं मोठं सामान झालं. १६२४ साली ७२ हजारांहून अधिक जोड पायमोजे इथून जहाजांवर चढले. ही संख्या वाचताना त्यामागे ही खोली आणा, हा दिवा आणा, आणि त्या प्रत्येक जोडातले किती टाके नऊ-दहा वर्षांच्या बोटांनी घातले असतील तेही मनात आणा.

दिवा एकच, आणि त्याच्या खालची जागा विणणाऱ्याला मिळत नाही. विणणारे अंधारातच विणतात, बोटांनी टाके मोजत. उजेड वाचणाऱ्यासाठी असतो.

आज वाचायची पाळी तुझ्या थोरल्या भावाची. शेजारच्या शेतावरून हस्तलिखित उसनं आणलं आहे, कडा काळ्या पडलेलं, कोणी कोणी उतरवून घेत आलेलं. ग्रेत्तिरची कथा. ती तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे आणि तरीही सगळे ऐकतात, कारण ती इथलीच आहे. शेजारच्या वात्न्सदालुर खोऱ्याच्या वरच्या टोकाला एक घर भुताने झपाटलं होतं. ग्लामुर नावाचा मेलेला मेंढपाळ रात्री उठून छपरावर बसायचा, गुरं मारायचा. महाबली ग्रेत्तिर तिथे गेला आणि त्याने त्याला लोळवला. पण मरता मरता ग्लामुरने चंद्रप्रकाशात त्याच्याकडे बघितलं आणि शाप दिला, हे माझे डोळे आता कायम तुझ्यासमोर राहतील. त्या दिवसापासून देशातल्या सगळ्यात बलवान माणसाला अंधाराची भीती वाटू लागली. एकट्याने रात्र काढणं त्याला जमेना.

तुझ्या सुया थांबतात. आई बघते, पण काही बोलत नाही. मोलकरणीचेही हात थांबले आहेत.

पुढे ग्रेत्तिर देशोधडीला लागतो, आणि शेवटची वर्षं धाकट्या भावाबरोबर द्रांगेय बेटावर काढतो. त्याच बेटावर, जे तुला उन्हाळ्यात कुरणातून दिसतं. बरोबर भाऊ का, तर अंधारात एकटं राहवत नाही म्हणून. एकदा नोकराच्या हलगर्जीपणाने बेटावरचा विस्तव विझतो आणि ग्रेत्तिर थंडगार समुद्रातून पोहत किनाऱ्यावर विस्तव आणायला जातो. अंतर सुमारे सात किलोमीटर. थोरला भाऊ इथे वाचायचा थांबतो, डोळे चोळतो. "मग?" तू म्हणतोस. "मग पोचला," वडील विणता विणता सांगतात, "तू पोचलास का अंगठ्यापर्यंत?"

या ऐकण्याला एका राजाज्ञेचा विरोध होता, हेही इथे नोंदवायला हवं. १७४६ साली डेन्मार्कच्या राजाच्या नावाने घरगुती शिस्तीचा हुकूम निघाला. त्यात मुलांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी घरावर टाकली, आणि असल्या निरर्थक कथा आणि रिमुर म्हणजे लांबलचक वीरगीतं घरात वाचू नयेत असंही बजावलं. लोकांनी पहिला भाग पाळला. दुसऱ्याकडे लक्ष दिलं नाही. शंभर वर्षांनी, या खोलीत, ग्रेत्तिर अजून जिवंत आहे. मला या माणसांचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी. त्यांच्याकडे वेळ नव्हता, उजेड नव्हता, पोटभर अन्नही दरवर्षी असेलच याचा भरवसा नव्हता, तरी खोलीतला एक माणूस रोज कामातून मोकळा ठेवून त्याच्या हातात पुस्तक दिलं जात होतं. आणि दिव्याची जागाही त्यालाच.

तुझं शिक्षणही याच पलंगावर चाललं आहे. जवळपास शाळा नाही. हिवाळ्यात पाद्री घरोघर फिरतात, मुलांना वाचायला लावतात आणि कोण कसं वाचतं ते वहीत नोंदवतात. आजी टकळी फिरवता फिरवता तुझ्याकडून धर्माची प्रश्नोत्तरं म्हणून घेते. लिहायला तू स्वतःच शिकतो आहेस, बर्फावर काठीने, राखेत बोटाने.

आता त्या कोपऱ्याकडे बघ. सातएक वर्षांची मुलगी विणता विणता पेंगते आहे. ती या घरची नाही. आईबाप गेले किंवा पोसू शकले नाहीत, म्हणून ग्रामसभेने तिला या शेतावर ठेवलं आहे. पोसण्यासाठी सगळ्यात कमी मोबदला मागणाऱ्या घरी अशी पोरं जात असत. तिलाही रोजचं काम नेमून दिलेलं आहे. तुझी आई तिला मारत नाही, तुझ्यापेक्षा तिच्या भांड्यात कमी पडू देत नाही. सगळीकडे असं नव्हतं. नाताळच्या आधीचा हा आठवडा सगळ्यात जड, कारण व्यापाऱ्याचं देणं भागवायला माल पुरा करायचा असतो. पेंगणाऱ्यांच्या पापण्यांना बारीक काड्या लावत, डोळा मिटला की टोचाव्यात अशा, असं लोक सांगत आले आहेत. त्या काड्यांवरून या आठवड्याला नावच पडलं. क्वोल्दवाकेचं चित्र रंगवताना काही जण हा कोपरा गाळतात. तो गाळू नये. त्या उबेत सक्ती होती, आणि दमलेली मुलं होती.

तू काय करतोस? तुझ्या सुताच्या गुंड्याच्या पोटात मेंढीच्या घोट्याचं हाड आहे, सूत त्याच्याभोवतीच गुंडाळायचं असतं. संपत आलेल्या गुंड्यातून तू ते हाड काढतोस आणि हळूच तिच्याकडे सरकवतोस. हे हाड भविष्य सांगतं. डोक्यावर ठेवायचं, प्रश्न विचारायचा आणि मान झुकवून खाली पाडायचं. फुगीर बाजू वर आली तर हो, खोलगट वर आली तर नाही, आडवं पडलं तर त्याला सांगायचं नाही. ती डोळे उघडते. काय विचारते ते तुला ऐकू येत नाही. हाड फुगीर बाजू वर करून पडतं. तिच्या सुया पुन्हा हलू लागतात.

तुमची खेळणीही अशीच आहेत. मेंढीची शिंगं म्हणजे मेंढ्या, पायाची हाडं म्हणजे घोडे, जबडे म्हणजे गाई. पलंगाखाली तुझं एक अख्खं शेत आहे आणि त्यातल्या घोड्यांना तू उरल्यासुरल्या सुताचे लगाम विणले आहेत. ते काम कोणी नेमून दिलेलं नव्हतं.

वडील उठून बाहेर जातात. दार उघडताच थंडी जमिनीवरून आत सरपटते. घड्याळ नाही, पण आभाळ स्वच्छ आहे. कृत्तिका कुठल्या डोंगराच्या वर आल्या यावरून ते वेळ ओळखतात. आत येऊन म्हणतात, "पुरे आता." सुया खाली ठेवल्या जातात. शेवटचं वाचन देवाचं. कधी बिशप योन विदालिन यांचं प्रवचन, उपासाच्या दिवसांत हाल्ग्रिमुर पेतुर्सॉन यांची पन्नास दुःखगीतं. ती गीतं १६६६ साली पहिल्यांदा छापली गेली ती याच खाडीच्या एका खोऱ्यात, होलरच्या छापखान्यात. पाठ नसलेलं माणूस या खोलीत नाही. मग दिवा विझतो. आजीशेजारी, उशापायथ्याला उलटसुलट, तू झोपतोस.

तीन दिवसांनी पुन्हा सगळे एका फळीभोवती बसता, पण आज सुया नाहीत. पीठ दुर्मीळ, म्हणून पोळी इतकी पातळ लाटली आहे की खालची फळी दिसावी. तिच्यावर खिशातल्या चाकूने पानाफुलांची नक्षी कापायची आणि मग ती चरबीत तळायची. उत्तरेकडची ही नाताळची पोळी. प्रत्येकाला आपापली कापायची मुभा आहे, अनाथ पोरीलाही, आणि तिची नक्षी तुझ्याहून सुबक आहे. नाताळच्या संध्याकाळी प्रत्येक मुलाला एकेक मेणबत्ती मिळते, चरबीची, पण स्वतःची. वर्षभर एका दिव्याच्या कडेला बसलेल्या पोराला पूर्ण ज्योत स्वतःच्या हातात म्हणजे काय, याचा अंदाज तुझा तूच कर. आणि पायात नवे मोजे. आजीने रात्री, तू झोपल्यावर विणलेले. मांजर आलं तरी आता हरकत नाही.

इथून निघू या. परत 'तुम्ही' होऊ या.

पुढची वर्षं भराभर जातात. रॉकेलचे दिवे येतात आणि एका ज्योतीभोवतीची खोली उजळून निघते. खिडक्यांना काचा बसतात. याच खाडीतल्या ग्लौम्बायर या मोठ्या शेतघराची बाद्स्तोवा १८७६ ते १८७९ या काळात नव्याने बांधली जाते. आज ते घर संग्रहालय आहे आणि त्या पलंगांच्या ओळी तिथे उभ्या आहेत. १९०७च्या कायद्याने दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. यंत्रं लोकर कातू लागतात. माणसं गावाकडून बंदरांकडे जातात. पलंगावरची वाचनं थांबतात. १९३०मध्ये आइसलंडची सरकारी आकाशवाणी सुरू होते आणि संध्याकाळी गोष्ट सांगणारा आवाज पेटीतून येऊ लागतो.

या काळात एका बाईजवळ थांबायला हवं. हाल्दोरा ब्यार्नादोत्तिर, जन्म १८७३, त्याच वात्न्सदालुर खोऱ्यातला, जिथे ग्रेत्तिरने भुताला लोळवलं. नॉर्वेत शिक्षिका होऊन त्या परतल्या आणि १९०८ ते १९१८ अकुरेरीच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. घरातलं हातकाम घराबरोबर मरणार हे त्यांनी ओळखलं आणि ते शाळेत आणलं. १९१७ पासून 'हलिन' हे वार्षिक त्यांनी जवळजवळ एकहाती चालवलं. देशभर फिरून विणीचे, मागाचे नमुने गोळा केले. १०८ वर्षं जगल्या. ब्लोन्दुओस गावच्या वस्त्रकला संग्रहालयात त्यांच्या नावाची खोली आहे. मुलांच्या हातातली सुई त्यांना महत्त्वाची वाटली, आणि त्यांचं बरोबर होतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. गळ्याभोवती नक्षीचं कडं असलेला जो आइसलंडी स्वेटर आज पर्यटक घेऊन येतात, तो या खोलीत कोणी घातला नव्हता. तो विसाव्या शतकाच्या मध्याला रुजला. इथे विणले जात होते ते मोजे, तळवे, आतले सदरे आणि दोन अंगठ्यांचे हातमोजे. नक्षी क्वचित, आणि तीही बहुधा बुटाच्या आतल्या तळव्यावर, जिथे ती फक्त घालणाऱ्याला माहीत.

आइसलंडच्या शाळांत आजही सुईकाम आणि विणकाम हा सक्तीचा विषय आहे, मुलग्यांना आणि मुलींना सारखाच.

तुमच्या घरी कुठल्या तरी ट्रंकेत आजीच्या किंवा मावशीच्या विणकामाच्या सुया असतीलच. यंदाच्या पावसाळ्यात, वीज गेलेल्या एखाद्या संध्याकाळी, त्या बाहेर काढा. मुलाला भिंतीवर लावायची वस्तू करायला देऊ नका. पायमोजा द्या, आजोबांच्या मापाचा, आणि तो कसाही झाला तरी आजोबांना तो हिवाळाभर घालायला सांगा. जोडातला दुसरा पायमोजा शेजारी बसून तुम्ही विणा. आणि घरातल्या तिसऱ्या माणसाला उजेडाजवळ बसवून मोठ्याने वाचायला लावा.